ढाक येणारी पोरगी मार का खाते?

तुझ्या कादंबरीतली नंदा ५७ किलो वजनी गटातली पैलवान. लहानपणी गावच्या तालमीत पोरांबरोबर लढलेली, ढाक हा कुस्तीतला पाडायचा डाव येणारी, राज्य पातळीवर दोन पदकं मिळवलेली. लग्नानंतर कोल्हापुरात शिवाजी पेठेत सासर, एका शाळेत पीटीची शिक्षिका. सातव्या प्रकरणात नवरा तिला मारतो आणि ती उलटा हात उचलत नाही. ही पानं तू दोघांना वाचायला दिलीस. तालमीतला दादा म्हणाला, "हे काय पटत न्हाई बघ. ढाक येणारी पोरगी हाय. लावली की दादला भुईला. मार कशी काय खाईल?" कॉलेजातली मैत्रीण म्हणाली, रडक्या नायिका आता पुरे झाल्या, कणखर बाई लिहायची असेल तर तिला बळी करू नकोस. आणि तू मला विचारतेस की सातवं प्रकरण काढून टाकू का.

नको काढूस. पण आत्ता आहे तसंही ठेवू नकोस. तीस वर्षं लोकांच्या संहिता वाचतेय, दुरुस्त करतेय, तेव्हा उत्तर जरा लांबेल. चहा घेऊन बस.

दादाची शंका आधी घेते. ती प्रामाणिक आहे, आणि तिच्यात तुझ्या कादंबरीतला सगळ्यात चांगला प्रसंग दडलाय.

कुस्तीला जोड लावतात. वजन बघतात. उतरायच्या आधी दोघींना ठाऊक असतं की आता लढायचंय. पंच असतो, शिट्टी असते, पाठ टेकली की संपलं. हात मिळवून दोघी बाजूला. नंदाच्या स्वयंपाकघरात यातलं काय आहे? हाताला पीठ, पलीकडच्या खोलीत सासू जागी, पोरगं नुकतंच झोपलेलं. आज सुरुवात कशावरून होणार हे तिला माहीत नसतं. काल आमटीवरून झाली, परवा पगारावरून. आणि समोर उभा असलेल्या माणसाचा डबा तिनंच सकाळी भरून दिलाय. अशा वेळी अंग थिजतं. भित्र्या माणसाचंच थिजतं असं समजू नकोस. ओळखीच्या माणसाचा हात अचानक उठला की भल्याभल्यांचं शरीर आधी गोठतं, डोकं नंतर ताळ्यावर येतं. लाल मातीत हजारदा घोटवून घेतलेला डाव तिथं आठवत नाही, कारण तो त्या जागेसाठी घोटवलेलाच नव्हता.

बरं, समज आठवला. समज तिनं त्याला ढाकेवर घेतला आणि फरशीवर आपटला. पुढं? ती रात्र तिनं जिंकली. सकाळी पेठेत बातमी, पैलवान सुनेनं नवऱ्याला लोळवलं. नवरा कपाळाला पट्टी लावून पोलीस ठाण्यात आधी पोचला. दुपारी नंदा गेली, तेव्हा ठाणे अंमलदारानं तिच्या दंडाकडं बघितलं आणि हसला. "बाई, तुम्ही पैलवान. तुमाला कोण मारतंय?"

हे तुझ्या दादाचंच वाक्य आहे. कादंबरीच्या बाहेर ते शंका म्हणून उभं होतं, अंमलदाराच्या तोंडी गेलं की तिची ताकद तिच्याच विरोधात साक्ष द्यायला लागते. नंदाला हे सगळं पुढचं दिसतंय, निदान दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून तरी. ती हात उचलत नाही त्यामागं हा हिशेब आहे, आणि तो तू कुठंच मांडलेला नाहीस. दादाला पटलं नाही ते त्यामुळं. मार पटला नाही असं तो म्हणतोय, पण अडलाय तो या गाळलेल्या हिशेबापाशी.

तरीही कुणी 'पटत नाही' म्हणालं तर त्याला २०२३ चा जानेवारी आठवायला सांग. साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि त्यांच्या सोबतचे पैलवान दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसले होते. कुस्ती महासंघाच्या त्या वेळच्या अध्यक्षांविरुद्ध महिला पैलवानांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी होत्या. साक्षी ही ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला पैलवान, २०१६ ला रिओत. देशातल्या सगळ्यात बळकट बायकांपैकी या. पण संघात कुणाला घ्यायचं, शिबिराला कुणाला बोलवायचं, हे ज्या खुर्चीवरून ठरतं तिच्यापुढं दंडाचा घेर काय कामाचा? त्याच वर्षी डिसेंबरात साक्षीनं पत्रकारांसमोर आपले कुस्तीचे बूट टेबलावर काढून ठेवले आणि खेळ सोडल्याचं सांगितलं. ते चित्र मी कितीदा बघितलं असेल. एखाद्या लेखकानं ते रचलं असतं तर मी त्याला म्हणाले असते, जरा जास्त होतंय रे.

आता मैत्रीण. तिचा वैताग मला समजतो, आणि त्यात माझाही वाटा आहे. मी चार वर्षं मालिकांचे संवाद लिहिले. एका बैठकीत मला स्वच्छ सांगण्यात आलं होतं, की नायिका सोसतेय तोवर लोक बघतात, सोसायची थांबली की बदलतात. मी लिहिलं. घराचे हप्ते त्यावर फिटले. त्या नायिकेचं नाव आज मला आठवत नाही, खोटं नाही सांगत. तिला काय खायला आवडायचं, कुणाचा राग यायचा, पैसे ती कुठल्या डब्यात ठेवायची, मला तेव्हाही माहीत नव्हतं. तिच्याकडं मार सोडून काहीच नव्हतं.

मग वारं फिरलं आणि कणखर नायिका हवी झाली. ती बुलेट चालवते, शिव्या देते, तिघाचौघांना लोळवते आणि तिला कुणी बोट लावू शकत नाही. मला विचारशील तर ही आणि ती रडकी सख्ख्या बहिणी आहेत. एकीला नुसता मार, दुसरीला नुसता माज. दोघींनाही अवघड काही ठरवायची वेळ येत नाही. या दोघींच्या मधली एक तिसरी पण असते, जिला आधी भरपूर छळतात आणि मग त्या छळातून ती 'घडते'. जणू छळ म्हणजे तिची तालीम, आणि मारणारा तिचा वस्ताद. तुझी मैत्रीण ज्याला कंटाळलीय ते हेच असावं. पण त्यावरचा तिचा उपाय, म्हणजे कणखर बाईला काही होऊच द्यायचं नाही, हा आजार बरा करायला पेशंटच नाहीसा करण्यातला प्रकार झाला.

आपल्याकडं 'बिचारी' या एका शब्दानं फार घोटाळा केलाय. सोशीक हा स्वभाव झाला. मार खाल्ला ही घटना झाली. 'बिचारी' म्हटलं की दोन्ही एकात मिसळतात आणि बाई संपते. तू लिहिताना एवढं एक पथ्य पाळ: घटना नंदाच्या वाट्याला येऊ दे, स्वभाव तिचा तिच्याकडंच राहू दे.

याचा नमुना कोल्हापूरच्या माणसाला लांब शोधायला नको. बाबूराव पेंटरांनी इथं काढलेला 'सैरंध्री' हा मूकपट १९२० चा. त्यातलं कीचकवधाचं दृश्य इतकं अंगावर यायचं की सरकारनं त्याला कात्री लावली, आणि आजही सैरंध्री म्हटलं की लोकांना वधच आठवतो. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासात विराटाच्या राणीची दासी झालेली द्रौपदी, आणि कीचक त्या राणीचा भाऊ. मला मात्र महाभारताच्या विराटपर्वातला वधाच्या आधीचा भाग लेखक म्हणून जास्त शिकवून गेला. कीचक तिला भर दरबारात लाथ मारतो. राजा विराट गप्प. कंक नाव घेऊन बसलेला युधिष्ठिर तिला आत जायला सांगतो. सम्राज्ञी होती ती, यज्ञातून जन्मलेली, आणि लाथ खाऊन जमिनीवर पडलीय. तिथं ती राजाला चार शब्द सुनावते, पण न्याय काही मिळत नाही.

मग रात्र होते. ती धर्मराजाकडं जात नाही. अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवतोय, त्याच्याकडंही जात नाही. ती मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते. चंदन उगाळून उगाळून हातांना पडलेले घट्टे त्याला दाखवते. तो ते हात स्वतःच्या तोंडावर ठेवून रडतो. त्यानंतर बेत ठरतो, आणि कीचकाला रात्री नर्तनशाळेत बोलावण्याचं काम ती स्वतः करते. वध होतो, तरी तिची सुटका नाहीच. कीचकाचे भाऊबंद तिला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला बांधून नेतात आणि तिला पुन्हा हाका माराव्या लागतात.

ती पीडित आहे यात काडीचा संशय नाही. पण कुणाला उठवायचं हे तिला नेमकं ठाऊक आहे. तुझ्या सातव्या प्रकरणाला मी हाच प्रश्न विचारते. नंदा त्या रात्री कुणाला उठवते? किंवा कुणाला मुद्दाम उठवत नाही? याचं उत्तर तुला स्वतःला सापडलं की प्रकरण अर्धं सुधारलं.

याच कथेवर खाडिलकरांनी, म्हणजे आपल्या शेजारच्या सांगलीच्या, १९०७ मध्ये 'कीचकवध' नाटक आणलं. लोकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीत हिंदुस्थान. १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. त्या काळाला ते हवं होतं, माझी काही तक्रार नाही. पण तुझ्या बाराव्या प्रकरणात नंदा व्यासपीठावरून "मी एकटी नाही, मी प्रत्येक स्त्री आहे" असं भाषण करते, तिथं माझी आहे. बाई हिंदुस्थान झाली की तिच्या हाताचे घट्टे दिसेनासे होतात.

माझी एक आत्या कपिलतीर्थ मंडईत भाजी विकायची. वजनात मारणाऱ्या एका दलालाची तिनं भर मंडईत अशी काढली होती की तो आठवडाभर तिकडं फिरकला नाही. आणि घरी दादल्याचा मार. सगळ्या मंडईला ठाऊक होतं. संध्याकाळी घरी गेली की तो गल्ला मोजून घ्यायचा, म्हणून निघायच्या आधी ती रोज दोन रुपये शेजारच्या फुलवालीकडं ठेवायची. रोज. त्याला किती वर्षं लागली कोण जाणे, पण त्या पैशांतून तिनं भावाच्या गोठ्यात एक म्हैस बांधली, आणि डेअरीत खातं काढलं ते स्वतःच्या नावावर. म्हैस घेतल्यावर मार थांबला का? नाही. कळल्यावर वाढला. पण दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर तिच्या लेकीचं डी.एड. झालं.

एकदा तिनं दादल्याला तराजूचं माप फेकून मारलं होतं. हे ती हसत सांगायची. "किलोचं मारायला पायजे हुतं, गडबडीत अर्ध्या किलोचंच हाताला आलं." तिला कुणी बिचारी म्हटलेलं मी ऐकलं नाही. रणरागिणी म्हणालेलंही नाही.

तुझ्या पानांकडं येते. चुका तीन आहेत, त्यातली एक मोठी.

पहिली, मार दीड पान चाललाय आणि तो दिसतोय छतावरून, पालीला दिसावा तसा. कुठं लागलं, किती रक्त आलं, पदर कसा ढळला. पदर ढळलेला कोण बघतंय गं तिथं? मार खाणाऱ्याला स्वतःचा पदर दिसत नाही. तिला ऐकू येतं की कुकरची तिसरी शिट्टी झाली, आता बंद करायला हवा. तिला दिसतं की पलीकडच्या खोलीतला दिवा सासूनं मालवला. दीड पानाच्या जागी सहा ओळी पुरतील, पण त्या सहा ओळींत आपण तिच्या डोक्यात असायला हवं.

मोठी चूक आठव्या प्रकरणात आहे. तिथं गोष्ट तिच्या भावाकडं जाते. त्याचा संताप, त्याचे मित्र, जीप काढणं, रात्रीचा हायवे, नवऱ्याला गाठणं. वेग छान आहे, तुला असली पानं लिहिता येतात. पण ११ पानांत नंदा एक वाक्य बोलत नाही. तिला झालेला मार हे भावाच्या गाडीचं पेट्रोल झालं. नंदा सातव्या प्रकरणात मार खाऊन कमकुवत झालेली नाही, आठव्यात तू तिला गप्प बसवलंस तिथं झाली. भावाला येऊ दे, जीप पण येऊ दे. पण ती त्याला काय सांगते? "जाऊ नको" म्हणते का? की पत्ता तीच देते? की सगळं झाल्यावर घरात जो नवरा परत येणार, त्याच्याबरोबर उद्या एकटीनं राहायचंय हे भावाच्या लक्षात आणून देते?

तिसरी, नवरा. लाल डोळे, दारूचा वास, सणसणीत शिव्या. असला माणूस दारात उभा राहिला असता तर नंदानं त्याच्याशी लग्नच केलं नसतं. मी त्याला वेगळा केला असता. बघायला आलेल्या पाच मुलांत एकानंच विचारलं, "मॅट का माती?" बाकीच्यांना मुलीची कुस्ती अडचणीची वाटत होती, याला कौतुक. लग्नानंतर तिची पदकं त्यानंच काचेच्या कपाटात लावली. पाहुण्यांना दाखवताना तो अजूनही म्हणतो, "आमची पैलवान." हे कपाट त्या खोलीत असू दे आणि मार त्याच्यासमोर होऊ दे. त्यावर भाष्य करू नकोस.

आणि एक गोष्ट तुझ्याच पहिल्या प्रकरणात पडलीय, तुला दिसली नाही. वस्ताद लहानग्या नंदाला सांगतात, "दुखलं तरी दाखवायचं न्हाई. समोरच्याला कळलं की तो तितंच धरतोय." या शिकवणीवर ती पदकापर्यंत गेली. याच शिकवणीवर ती चार वर्षं गप्प राहिली. आईनं फोनवर "बरी हायस न्हवं?" विचारलं की "मला काय हुतंय?" म्हणते. ते खोटं बोलणं नव्हे, ती तिची सवय आहे, घाम गाळून कमावलेली. कणखर माणूस बळी पडतो तो कित्येकदा कणखरपणामुळंच. आपण आवरू, एवढं काय त्यात, याहून मोठे मोठे अंगावर घेतलेत, असं त्याला खरोखर वाटत असतं. रडकी मुलगी पहिल्या महिन्यात माहेरी निघून गेली असती. तुझ्या मैत्रिणीला हे वाचून दाखव.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी शेकडा १४ जणींनीच कुणाकडं तरी मदत मागितली होती. उरलेल्या ८६ जणी काही लेच्यापेच्या नसणार. त्यांच्यात मंडईवाल्या असतील, मुख्याध्यापिका असतील, एखादी नंदा असेल.

शेवटाचं एक. तू नंदाला ठाण्यात पाठवून तक्रार लिहायला लावलीस आणि कादंबरी संपवलीस. तक्रार म्हणजे शेवट असं लेखकांना वाटतं. जिनं केलीय तिला विचार. आधी एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेऊन घरी पाठवतात, समजूत काढायला नातेवाईक जमतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय, पण तारखा पडतच राहतात. तो कायदा एकदा नीट वाच, तुला कामाचा आहे. नवरा तिच्या पगाराचं एटीएम कार्ड स्वतःकडं ठेवतो हे तू ओझरतं लिहिलंयस, कायद्यात त्याला आर्थिक हिंसा म्हणतात. ज्या घरात ती राहते तिथून तिला असंच बाहेर काढता येत नाही, हे तिच्या सासूला माहीत नसेल आणि नंदाला असेल, तर एक चांगला संवाद निघतो. आणि याच गावात शाहू महाराजांनी १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, हे वकिलाच्या तोंडी जाता जाता येऊ शकेल. लांबवू नकोस मात्र.

कावळा नाक्यावरून जातेस ना? घोड्यावरच्या ताराराणी बघ. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेली बाई. करवीरची गादी तिनं उभी केली. आणि १७१४ मध्ये घरातल्याच लोकांनी तिला तिच्या मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. तो मुलगा पुढं कैदेतच गेला. बाई मात्र जगली, साताऱ्याला गेली, आणि म्हातारपणी, १७५० मध्ये, तिनं स्वतः साताऱ्याच्या छत्रपतींना, रामराजाला, किल्ल्यावर अटकेत ठेवलं. १७६१ पर्यंत होती ती. पुतळा करणाऱ्याला एकच क्षण निवडावा लागतो, त्यानं घोडा आणि तलवार निवडली, बरोबरच आहे. तुझ्यावर ती सक्ती नाही. पन्हाळ्यावरची वर्षंही तुझीच, आणि कैद भोगलेल्या बाईनं दुसऱ्याला कैदेत टाकलं तेही तुझंच.

म्हणून नंदाला फार शहाणी, फार सोज्वळ ठेवू नकोस. मार खाल्लेल्या बाईनं सगळ्यांशी मायेनंच वागलं पाहिजे असा काही नियम नाही. एखाद्या सकाळी पीटीच्या तासाला उशिरा आलेल्या पोरीच्या ती फाडकन थोबाडीत देते. पोरगी गालाला हात लावून तिच्याकडं बघते. नंदा शिट्टी वाजवते आणि पुढचा व्यायाम घेते. वाचकाला तिचा राग येऊ दे थोडा. त्याला सावरायला जाऊ नकोस.

तर कामाला लाग. सातवं छोटं कर, आठवं तिच्याकडून लिही, बाराव्यातलं भाषण काढ, वस्तादांचं वाक्य पुन्हा एकदा कुठंतरी येऊ दे. पाडव्यापर्यंत मला पाठव. आणि दादाला परत वाचायला देशील तेव्हा पटलं का असं विचारू नकोस. नंदा दर महिन्याला पगारातले पाचशे कुणाकडं ठेवते ते सापडलं का, एवढंच विचार.